दुसऱ्यांदा केमो: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की माझा ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर परत आलाय आणि केमो पुन्हा सुरू झालीय. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं. मी डॉक्टर नाही. अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. जे अंगावर निभावलं आणि जे डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, तेवढंच सांगते. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

बाई, माझं ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, वर्षभर चांगली होते. आता रक्तातल्या सीए १२५ या तपासणीचा आकडा अठराचा बासष्ट झालाय. त्रास काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, दोन महिने थांबू. घरचे म्हणतात, डॉक्टर बदल. मी पथ्य पाळलं नाही, पाण्याचे हंडे उचलले, म्हणून परत आलं का? (सेलू, जि. परभणी)

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच रात्री झोपू देत नाही. हंडे उचलल्यानं, उपास मोडल्यानं, शिळं खाल्ल्यानं हा आजार उलटत नाही. ऑपरेशनमध्ये दिसतं तेवढं काढतात, उरलेलं केमोनं मारतात. तरी काही पेशी इतक्या बारीक उरतात की स्कॅनमध्येही दिसत नाहीत, आणि पुढं त्याच वाढतात. या आजारात पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं आणि आपण अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात राहतो. त्यामुळं बहुतेकींचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच सापडतो. त्या टप्प्यात सापडलेल्या शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना तो कधी ना कधी परत गाठतो. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आता आकड्याचं. सीए १२५ पस्तीसच्या आत असेल तर ठीक मानतात. बासष्ट म्हणजे आजार परतत असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. पण लगेच केमो सुरू केल्यानं आयुष्य वाढतं का? याचा मोठा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. पहिल्या केमोनंतर बऱ्या झालेल्या, पण नंतर सीए १२५ वाढलेल्या ५२९ बायका त्यात होत्या. निम्म्यांना आकडा वाढताच केमो दिली, निम्म्यांना त्रास सुरू झाल्यावर. जगण्याच्या काळात काही फरक पडला नाही. आधी सुरू केलेल्यांचे केमोचे हाल मात्र जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाले.

त्यामुळं थांबा म्हणणारे डॉक्टर हयगय करतायत असं समजू नका. फक्त त्यांना विचारा, एकदा स्कॅन करून घ्यायचा का. गाठ एखाद्या ठिकाणीच असेल आणि पूर्ण निघण्यासारखी असेल, तर निवडक बायकांना दुसऱ्या ऑपरेशनचाही फायदा होतो. आणि शेवटच्या केमोची तारीख वहीत लिहून ठेवा. पहिल्या वेळच्या केमोतल्या कार्बोप्लॅटिन या औषधात प्लॅटिनम हा धातू असतो. ते संपल्यावर सहा महिन्यांहून जास्त काळ आजार गप्प राहिला असेल, तर तेच औषध पुन्हा लागू पडण्याची आशा चांगली असते. सहा महिन्यांच्या आतच उलटला तर बहुधा दुसरी औषधं घ्यावी लागतात. तुमचं वर्ष चांगलं गेलंय, ही जमेची बाजू आहे. दोन महिने वाट बघताना पोट फुगलं, जेवण जाईना, संडास-वारा बंद झाला, तर तारखेची वाट न बघता जा.

आईचा आजार परत आलाय. तिला आम्ही सांगितलेलं नाही. ‘ताकदीचं सलाईन लावायचंय’ म्हणून नेतो. ती खचेल अशी भीती वाटते. तुम्ही स्वतः यातून जाताय म्हणून विचारतो, आमचं बरोबर आहे ना? (कळंब, जि. धाराशिव)

तुमची माया कळते, पण हे बरोबर नाही, असं मी स्पष्टच सांगते.

मी केमोला बसते त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई असायची. साठीची, हातावर गोंदण, कमरेला चंची. मुलं तिला दाराबाहेर ठेवून डॉक्टरांशी बोलत आणि आत आल्यावर हसरे चेहरे करत. तिलाही ताकदीचं सलाईनच सांगितलेलं. एकदा केमोनंतर आठ-दहा दिवसांनी तिला ताप भरला. ताकदीच्या औषधानं ताप कशाला येईल, असं समजून तिनं तो कुणाला सांगितलाच नाही. सुनेची सोयाबीनची काढणी चालू होती, तिला कशाला त्रास, म्हणून गोधडी घेऊन पडून राहिली. दुसऱ्या दिवशी उठवेना तेव्हा दवाखान्यात आणलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. वाचली, पण थोडक्यात. पुढच्या वेळी भेटली तेव्हा मला हळूच म्हणाली, “मला काय झालंय ते मला ठावं हाय बाई. पोरान्ला सांगू नका, त्यान्ला वाईट वाटंल.”

घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून लपवत होतं. आणि तापाबद्दल जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिलाच कुणी बोललं नव्हतं.

म्हणून आधी हे ऐका. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर क्रोसिन देऊन, काढा पाजून बघत बसायचं नसतं. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं की केमो चालू आहे. हे आईला माहीत नसेल तर ती तुम्हाला उठवणारच नाही. घरात थर्मामीटर ठेवा आणि तो वाचायला तिलाच शिकवा. टँकरचं पाणी येत असेल तर तिच्यासाठी उकळून वेगळं काढा. रसवंतीतला बर्फाचा ऊसरस आणि बाहेरची कापलेली फळं त्या दिवसांत नकोत.

आता सांगायचं कसं? सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. आईलाच विचारा, “तुला काय वाटतं, काय झालंय?” निम्म्याहून जास्त ती स्वतःच सांगेल. मग म्हणा की पोटातली गाठ परत आलीय, औषध चालू आहे आणि तुला विचारल्याशिवाय पुढं काही करणार नाही. ‘पूर्ण बरी होशील’ असं वचन देऊ नका. परत आलेला ओव्हरीचा कॅन्सर बहुधा मुळासकट जात नाही. दुसऱ्या वेळच्या केमोचा हेतू असतो तो आवरून धरायचा, त्रास कमी करायचा, चांगले महिने किंवा वर्षं मिळवायची. अशी तीन-चार वेळा केमो घेऊन कित्येक वर्षं काढलेल्या बायका मी पाहिल्यात. त्या वर्षांत काय करायचं, हे ठरवायचा हक्क आईचा आहे. कुणाच्या नावे जमीन, कुणाला पाटल्या, नातीचं लग्न कधी, पंढरीला एकदा जायचंय का. मला माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “बाई, पुढच्या वर्षात तुम्हाला काय काय करायचंय?” त्यावरूनच त्यांनी औषध आणि वेळापत्रक बसवलं. तुमच्या आईला हे विचारायला कुणी जागाच ठेवलेली नाही.

बायकोला दुसऱ्यांदा केमो चालू झाली. दुसऱ्या डोसला अर्ध्या सलाईनला तळहात खाजायला लागले, तोंड लालबुंद झालं, दम लागला. सिस्टरनी लगेच बंद केलं. पहिल्या सहा वेळेला काहीच झालं नव्हतं. औषध बनावट होतं का? (जालना)

बहुधा नाही. तुम्ही सांगताय ती कार्बोप्लॅटिनची अ‍ॅलर्जी दिसते. ती पहिल्या डोसांना सहसा होत नाही. शरीर त्या औषधाला ओळखायला लागतं आणि एकूण सातव्या-आठव्या डोसाच्या सुमारास अशी उसळते. पहिल्या वेळचे सहा आणि आताचा दुसरा, म्हणजे आठवा. कार्बोप्लॅटिनसोबत बहुधा देतात त्या पॅक्लिटॅक्सेलचं याच्या उलट असतं. त्याची अ‍ॅलर्जी झाली तर पहिल्या-दुसऱ्याच डोसाला, सलाईन लागल्यावर काही मिनिटांत.

सिस्टरनी बंद केलं ते फार बरं झालं. तळहाताची खाज ही पहिली खूण असते आणि आपल्या बायका ती सांगत नाहीत, साडीला हात पुसत बसतात. यापुढं तिला सांगून ठेवा की खाज, गरगर, पोटात कळ, छातीत भरल्यासारखं, काहीही वाटलं तरी तेव्हाच हाक मारायची.

याचा अर्थ औषधाचा रस्ता बंद झाला असा नाही. अगदी पातळ करून, तासन्‌तास हळूहळू वाढवत तेच औषध देण्याची पद्धत आहे. ती सगळीकडे करत नाहीत, सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करतात. कधी औषध बदलतात. मात्र आधीच्या दवाखान्याच्या सगळ्या डिस्चार्ज कार्डांची झेरॉक्स फाइलमध्ये हवी. एकूण कितवा डोस, हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळणार.

माझे केस गेले नाहीत. गल्लीतल्या बाया म्हणतात, औषध लागू पडत नसंल. (नांदेड)

केस जाण्याचा आणि गुण येण्याचा काहीही संबंध नाही. कोणतं औषध आहे त्यावर ते असतं. पॅक्लिटॅक्सेलनं भुवयासुद्धा जातात. मला सध्या कार्बोप्लॅटिनसोबत लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चालू आहे. लाल रंगाचं सलाईन, चार आठवड्यांतून एकदा. त्यानं केस बहुधा राहतात, थोडे विरळ होतात. त्याचा त्रास हातापायांवर निघतो. तळवे लाल होतात, आग होते, साल जाते. कडक पाण्यात भांडी घासणं, घट्ट चपला, दाटलेल्या बांगड्या, कपडे पिळणं हे डोसानंतर काही दिवस टाळा. पहिल्या दिवशी लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे.

हातापायाला मुंग्या येतात. भाकरी करता येत नाही. डॉक्टरांना सांगावं का, इतक्या बारीक गोष्टीसाठी? (केज, जि. बीड)

ही बारीक गोष्ट अजिबात नाही, आणि आजच सांगा.

पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं. १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती ओव्हरीच्या कॅन्सरसाठीच. औषध मोलाचं आहे, पण ते नसांना दुखावतं, आणि ते दुखावणं डोसागणिक साठत जातं. पहिल्या खेपेचे बधिर झालेले हात असतात, त्यावर दुसऱ्या खेपेची भर पडते.

माझ्या हाताला ज्वारीच्या पिठाचा ओलावा कळेनासा झाला. काठवटीत पीठ मळताना पाणी जास्त झालं का कमी, हे मी चाळीस वर्षं बोटांनी ओळखत आले. आता डोळ्यांनी बघून ओळखावं लागतं. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवताना बोटं तव्याला टेकली तरी चटका लागत नाही. संध्याकाळी फोड दिसतो. ब्लाउजचं हूक लागत नाही, परसातून येताना एक चप्पल मागं राहते आणि पायाला पत्ता नसतो. डॉक्टरांना असंच सांगा. ‘मुंग्या येतात’ म्हटलं की ते लिहून घेतात. ‘भाकरी थापता येत नाही, चप्पल निसटलेली कळत नाही’ म्हटलं की ते पेन खाली ठेवतात. मग डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. फार आग होत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाच्या गोळीचा काहींना उपयोग होतो, ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

तोवर उलथणं आणि चिमटा वापरा. अंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघा. शेतात बंद बूट घाला आणि रात्री तळपाय उजेडात नीट बघा, काटा-काच रुतलेली कळत नाही. आणि महिना-दोन महिने भाकरी घरातल्या पुरुषांनी थापली तर काही बिघडत नाही.

दर वेळी मुंबईला जावंच लागतं का? खर्च झेपत नाही. (गंगाखेड, जि. परभणी)

दर वेळी नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये एकदा उपचार ठरवून घेऊन पुढची केमो जवळ घेणारे पुष्कळ आहेत, कारण बहुतेक औषधं तीच असतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूर-धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. टाटात असतानाच विचारा, “पुढचे डोस तिकडं घेऊ का? चिठ्ठी द्याल का?”

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरल्यावर नव्हे. प्रत्येक नवं औषध योजनेत बसतंच असं नाही, तेही आधीच विचारा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याचा ठरलेला दाखला लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

बाई, हे सुनेच्या हातून लिहून घेतीय. ही तिसरी खेप. आता दर आठवड्याला सलाईन म्हणतेत. लई झालं बघा. अंगात त्राण नाही. पोरं ऐकत न्हाईत. मी नको म्हणलं तर चालंल का? (वसमत, जि. हिंगोली)

चालेल. हे मी तुम्हाला पहिल्यांदा सांगते आणि सुनेनं ते घरात सगळ्यांना वाचून दाखवावं.

पण नको म्हणायच्या आधी डॉक्टरांसमोर बसून विचारून घ्या. या औषधानं मला काय मिळणार? आधीची केमो संपल्यावर आजार सहा महिन्यांच्या आत उलटला असेल, तर एकेकट्या औषधानं गाठ चांगली आकसण्याचं प्रमाण शंभरात दहा-पंधरा बायकांच्या आसपास असतं. बेव्हासिझुमॅब नावाचं औषध जोडलं तर ते वाढतं, पण ते सगळ्यांना देता येत नाही. आतड्याला, बीपीला धोका असतो. गाठ आकसली नाही तरी काहींच्या पोटातलं पाणी कमी होतं, जेवण जायला लागतं. दोन-तीन डोस घेऊन बघू, बरं वाटलं नाही तर सोडू, असंही ठरवता येतं. आठवड्याऐवजी जास्त अंतरानं देता येईल का, डोस कमी करता येईल का, हेही विचारा. कधी कधी थकवा केमोचा कमी आणि रक्त कमी झाल्याचा जास्त असतो. रक्त चढवलं की माणूस उठून बसतं. ते तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

एवढं सगळं ऐकूनही मन नको म्हणत असेल, तर ते ऐका. मुलांनो, तुमच्यासाठी लिहिते. केमो थांबवली म्हणजे आईला टाकलं असं होत नाही. उपचार चालूच राहतात, त्यांचं काम बदलतं. पोटात पाणी भरलं तर सुईनं काढतात, आई त्याच रात्री नीट झोपते. उलट्यांना औषध आहे. दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं घेतल्यानं माणूस व्यसनी होत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना त्या ठेवणं सोपं झालंय, तरी प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून दुखणं वाढायच्या आधीच पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर कुठं बसतात ते शोधून ठेवा. गोळ्यांनी संडास घट्ट होते, सोबत त्याचंही औषध मागून घ्या. आणि केमो चालू असतानाही या डॉक्टरांकडे जाता येतं. मी स्वतः जाते.

काकू, तुम्ही पुन्हा पत्र लिहायला सांगा. काय ठरवलंत ते कळवा. दोन्हीपैकी काहीही ठरवलंत तरी मी तुमच्या बाजूनं आहे.

आईला परत झालाय. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता. मी तेवीस वर्षांची आहे. मी तपासणी करू का? (लातूर)

करायची, पण आधी आईची. ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीची बीआरसीए या जनुकांची तपासणी व्हावी असं डॉक्टर सांगतात. रक्ताचा एक नमुना लागतो. आईत दोष सापडला तर आईलाच लगेच उपयोग आहे. ओलापॅरिबसारख्या गोळ्या अशा बायकांना सगळ्यात जास्त लागू पडतात आणि केमोनं आजार आवरला की तो तसाच जास्त काळ आवरून धरतात.

मग तुझी पाळी. आईत दोष असेल तर तो तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी, भावात असण्याचीही निम्मीच. बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या शंभर बायकांतल्या साधारण चाळीस जणींना आयुष्यात ओव्हरीचा कॅन्सर होतो. बीआरसीए२ मध्ये प्रमाण बरंच कमी, पण सर्वसाधारण बायकांतल्या शंभरात एकीपेक्षा कितीतरी जास्त. दोष निघाला तरी तेवीसाव्या वर्षी ऑपरेशनची घाई नसते. छातीची तपासणी लवकर सुरू करतात आणि ओव्हरी काढायचा विचार मुलं झाल्यावर, पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. हे लग्न जमण्याच्या आड येईल म्हणून घरचे तपासणीच नको म्हणतील. तुझा रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे तू ठरव. आईचा रिपोर्ट मात्र मावशीला आणि मामाला नक्की दे. मामाकडून तो दोष त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो, आणि त्यांना हे दुसरं कुणी सांगणार नाही.